सेल्फ-प्रायमिंग मोटर आपोआप कशी चालवावी आणि कोरडी चालण्यापासून कशी वाचवावी?

बालाघाट : नळाचं पाणी ठरलेल्या वेळी येतं, ते आधी जमिनीतल्या टाकीत साठवायचं आणि मग मोटरने छतावर चढवायचं. बालाघाट, वारासिवनीपासून सीमेपलीकडच्या गोंदिया, तुमसरपर्यंत ही पद्धत सारखीच. जमिनीतल्या टाकीला मिस्त्री 'संप' म्हणतात. (आपल्या मराठीतला संप वेगळा, तो केला की काम बंद पडतं.) उन्हाळ्यात नळ कमी वेळ येतो, टाकी अर्धीच भरते आणि मोटर चालू ठेवून माणूस दुसऱ्या कामाला लागतो. पाणी संपलं तरी मोटर फिरतच राहते.

अनेकांचा समज असा की एमसीबी आहे, ओव्हरलोड आहे, म्हणजे मोटर वाचेल. तसं होत नाही. ही दोन्ही साधनं करंट वाढला की तोडतात. कोरड्या मोटरवर पाण्याचा भारच नसतो, म्हणून ती करंट उलट कमी घेते. एमसीबीच्या दृष्टीने सगळं ठीकच असतं.

आत नेमकं काय बिघडतं

सेल्फ-प्रायमिंग पंपाच्या पोटात थोडं पाणी कायम राहतं. नवीन बसवताना ते एकदा वरून भरावं लागतं. सुरू झाल्यावर पंप हेच पाणी घुसळत सक्शन पाइपमधली हवा ओढून बाहेर टाकतो आणि मग टाकीतलं पाणी वर येतं. याला पाइपची लांबी आणि खोली पाहून अर्ध्या मिनिटापासून २-३ मिनिटं लागतात. तेवढा वेळ पोटातलं पाणी सीलला ओलं ठेवतं. त्यापुढे ते तापतं, वाफ होते, आणि कार्बन-सिरॅमिकचं सील कोरडं घासून तडकतं. मग शाफ्टजवळून पाणी गळू लागतं, ते बेअरिंगमध्ये आणि पुढे वाइंडिंगमध्ये जातं. लोक म्हणतात मोटर जळली, पण सुरुवात सीलपासून झालेली असते.

सक्शनला मर्यादाही आहे. हवेचा दाब पाण्याला जास्तीत जास्त १० मीटरच्या आसपास वर ढकलू शकतो, आणि प्रत्यक्षात ६-७ मीटरच्या पुढे भरवसा नाही. जवळच्या भरवेलीसारख्या खोल मँगनीज खाणीतलं पाणी वर बसून ओढता येत नाही, खाली पंप बसवून ढकलावं लागतं, ते याच कारणाने.

आधी दोन फ्लोट

आपोआप चालवण्यासाठी दोन फ्लोट स्विच पुरतात. वरच्या टाकीतला फ्लोट पाणी उतरलं की मोटर सुरू करतो आणि भरलं की बंद करतो. खालच्या टाकीतला उलट जोडायचा : पाणी असेल तरच मोटर चालू द्यायची. दोन्ही एका ओळीत, म्हणजे सिरीजमध्ये, असले की दोघांचा होकार असेल तेव्हाच मोटर फिरते. फ्लोटच्या तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून मल्टिमीटरने तपासूनच जोडा. खालचा फ्लोट फूट वॉल्व्हच्या किमान फूटभर वर तोडेल असा बांधा. केबल बांधल्या जागेपासून थोडी लांब सोडा, नाहीतर लाटेगणिक मोटर चालू-बंद होत राहील.

१ एचपीची सिंगल-फेज मोटर चालताना ५ ते ७ अँपिअर घेते, सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट. हा करंट थेट फ्लोटमधून नेऊ नका, संपर्क जळून चिकटतात. मध्ये कॉन्टॅक्टर घाला. आणि टाकीत वायर सोडायची म्हणजे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि पक्कं अर्थिंग हवंच. यात पैसे वाचवू नयेत.

फ्लोट जिथे फसतो

टाकी भरलेली आहे, पण सक्शनचा जोड हवा ओढतोय किंवा फूट वॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय. अशा वेळी फ्लोट म्हणतो पाणी आहे, आणि पंप कोरडाच फिरतो. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की हे हमखास होतं. यासाठी ड्राय-रन रिले किंवा डिलिव्हरी पाइपवर फ्लो स्विच लागतो. अर्धा एचपीच्या मोटरसाठी नुसता अँपिअर पाहणारा रिले मला फारसा पटत नाही. छोट्या कपॅसिटरवाल्या मोटरचा रिकामा आणि भरलेला करंट फार वेगळा नसतो, त्यात आपल्याकडचं व्होल्टेज वरखाली होतं. वॅट मोजणारा रिले किंवा फ्लो स्विच जास्त खात्रीचा.

सगळ्यात जास्त गोंधळ टायमरमध्ये होतो. हवा ओढत असताना सेल्फ-प्रायमिंग पंप रिलेला कोरडाच दिसतो. टायमर १०-१५ सेकंदांवर असेल तर रिले रोज मोटर पाडेल, आणि कंटाळून कोणीतरी तो बायपास करून टाकेल. म्हणून आधी घड्याळ लावून पाहा की स्विच दाबल्यापासून पाणी वर पडायला किती वेळ लागतो. टायमर त्याहून अर्धा-एक मिनिट जास्त ठेवा. पाण्याला ३ मिनिटांच्या वर लागत असतील तर टायमर वाढवत बसू नका, पाइपचे जोड आणि फूट वॉल्व्ह बघा. डिलिव्हरीवर नॉन-रिटर्न वॉल्व्ह असेल आणि त्यावर पाण्याचा स्तंभ उभा असेल, तर हवेला बाहेर जायला वाटच मिळत नाही. तिथे पंपाजवळ एक छोटा हवा सोडायचा कॉक लावावा लागतो.

रिले पडल्यावर आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय असेल तर मधला वेळ अर्धा तास आणि प्रयत्न दोन-तीनच ठेवा. लाईन जाऊन आली की काही कंट्रोलर ही मोजणी पुन्हा शून्यापासून धरतात, हे घेतानाच विचारून घ्या.

बसवून झाल्यावर खालचा फ्लोट दोरीने उचलून पाण्याबाहेर लोंबता सोडा, मोटर लगेच बंद व्हायला हवी. मग तो जागेवर ठेवून, मोटर चालू असताना सक्शनचा वॉल्व्ह बंद करा आणि रिले किती सेकंदांत पाडतो ते मोजा. ठरवलेल्या वेळेत पडला नाही तर हाताने बंद करा. टाकीत हात घालण्याआधी मात्र मेन स्विच बंद, आणि बंद टाकीत एकट्याने उतरायचं नाही.