भाला आणि तलवार : मॅसिडोनियन पायदळाच्या संदर्भात

'तलवार गाजविणे' हा वाक्प्रचार मराठीत रूढ आहे. 'भाला गाजविणे' असे मात्र कोणी म्हणत नाही. भाषेतील हा मान रणांगणावरील वस्तुस्थितीशी जुळतोच असे नाही. इ. स. पू. ३५९ मध्ये सत्तेवर आलेल्या दुसऱ्या फिलिपने मॅसिडोनियाच्या पायदळास 'सारिसा' हा सुमारे ५ ते ६ मीटर लांबीचा भाला दिला. पॉलिबियसच्या वर्णनानुसार पहिल्या पाच रांगांचे भाले आघाडीच्या पुढे येत. त्यामुळे तलवारधारी शत्रूस प्रहाराच्या टप्प्यात येण्यापूर्वीच अनेक भाल्यांना तोंड द्यावे लागे. शिवाय भाल्याच्या पात्यास तलवारीपेक्षा लोखंड कमी लागते. म्हणून मोठे सैन्य सज्ज करणे सुलभ होते.

तथापि ही श्रेष्ठता अभंग रांगेवर अवलंबून होती. इ. स. पू. १६८ मध्ये पिडना येथे उंचसखल जमिनीवर रांगेत फटी पडल्या. त्यांत शिरलेल्या रोमन सैनिकांच्या तलवारींपुढे लांब भाला निरुपयोगी ठरला. भाल्याचे सामर्थ्य समूहाच्या शिस्तीत होते, असा याचा अर्थ. युद्धेतिहास केवळ वीरांच्या तलवारींवरून लिहिला, तर रांगेतील अनाम भालाईत त्यातून वगळला जातो.