बोरू, वळण आणि वशिला : मराठी दफ्तरातील उमेदवारीचा इतिहास

मराठी राज्याच्या इतिहासात लढाया, तह आणि गादीचे तंटे यांना जेवढी जागा मिळाली, तेवढी दफ्तरात मांडी घालून बसलेल्या कारकुनाला मिळाली नाही. आणि तरीही त्या लढायांचा खर्च, त्या तहांची कलमे आणि त्या तंट्यांचे निवाडे आज वाचता येतात ते त्याच्याच बोरूमुळे. 'कारकून' हा शब्द फार्सी असून त्याचा अर्थ काम करणारा एवढाच आहे. शिवकाळात 'राज्यव्यवहारकोश' रचून कारभारातील फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा मोठा प्रयत्न झाला, पण कारकून, दफ्तर, फडणीस, चिटणीस हे शब्द लोकांच्या तोंडून हलले नाहीत. याच घराण्यातला आणखी एक शब्द म्हणजे 'उमेदवार'. उमेद धरून असलेला, म्हणजे आज ना उद्या नेमणूक होईल या आशेने एखाद्या वडीलधाऱ्या कारभाऱ्याच्या हाताखाली राबणारा आणि राबता राबता शिकणारा तरुण, हा त्याचा जुना अर्थ. आणि त्याच्या त्या काळाला 'उमेदवारी' म्हणत. मराठी मुलुखातील लेखणीच्या नोकरीत माणूस वर चढे तो याच वाटेने.

या वाटेवरचे पहिले भांडवल म्हणजे अक्षर. कारभाराची लिपी मोडी होती. तीत आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढून घेत आणि मग शक्य तो बोरू न उचलता तिच्याखाली अक्षरे जोडत जात, त्यामुळे लिहिणे भरभर होई, परंतु वाचणे सर्वस्वी लिहिणाऱ्याच्या हातावर अवलंबून राही. या हाताच्या धाटणीला 'वळण' म्हणत, आणि ही वळणे इतकी ओळखीची झाली की चिटणीसी, बिवलकरी, महादेवपंती अशी त्यांना नावेच पडली. अक्षराच्या जोडीला हिशेब लागे. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी यांच्याबरोबर औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, घोकून घेतला जाई. ज्या कारभारात आणेवारी आणि जमिनीचे अपूर्णांक रोज हाताळायचे, तेथे हे पाठांतर म्हणजे कारकुनाची हत्यारेच होती. तिसरी गोष्ट मायन्याची. कोणत्या दर्जाच्या माणसाला कोणत्या शब्दांनी आरंभ करून लिहावे, याचे नेम 'मेस्तक' नावाच्या लेखनपद्धतीच्या ग्रंथांत घालून दिलेले असत. मायना चुकला तर मजकूर कितीही बरोबर असला तरी पत्र फुकट जाई, क्वचित वैरही ओढवे.

या गुणांचे मोल किती होते ते चिटणीस घराण्याच्या इतिहासात दिसते. बाळाजी आवजी यांच्या अक्षरावर आणि मजकूर जुळवण्याच्या हातोटीवर प्रसन्न होऊन शिवाजी महाराजांनी त्यांना जवळ केले, अशी परंपरा आहे. तपशिलात मतभेद संभवतात, पण चिटणीशी, म्हणजे राज्याचा पत्रव्यवहार, त्यांच्या हाती आली हे निर्विवाद आहे. पुढे १६८१ मध्ये कटाच्या आरोपावरून संभाजी महाराजांच्या आज्ञेने त्यांना देहदंड झाला. अशा प्रसंगानंतर एखादे घराणे दरबारातून कायमचे पुसले गेले असते. परंतु त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ यांनी त्याच राज्याची सेवा पुढे चालवली, राजाराम महाराजांबरोबर जिंजी गाठली आणि शाहू महाराजांच्या काळापर्यंत चिटणीशी सांभाळली. राजाचा रोष झाला तरी कसबाची गरज संपली नाही, हे या घराण्याच्या टिकण्यामागचे एक कारण मानावे लागते.

मात्र नुसते अक्षर घेऊन कोणी दफ्तराच्या दारात उभा राहिला तर त्याला आत बोलावणारे कोणी असावे लागे, आणि या बोलावण्यालाच 'वशिला' म्हणत. आज हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. मुळात त्याचा अर्थ साधन किंवा मध्यस्थ एवढाच आहे. पेशवाईचा जन्मच अशा संबंधांच्या साखळीतून झाला. ज्यांच्या घरात श्रीवर्धनची देशमुखी होती ते बाळाजी विश्वनाथ भट सिद्दीच्या अमलातून देशावर आले, तेव्हा वेळासचे भानू बंधू त्यांच्याबरोबर होते, आणि जे मिळेल त्यात वाटेकरी व्हावयाचे असा करार त्यांच्यात झाला होता, असे परंपरा सांगते. बाळाजी विश्वनाथ प्रथम मुलकी कामात, म्हणजे वसुलाच्या कारभारात, नावारूपाला आले, धनाजी जाधवांच्या विश्वासातले झाले आणि १७१३ मध्ये पेशवे झाले. त्यानंतर लवकरच फडणिशी, म्हणजे राज्याच्या हिशेबाचे आणि दफ्तराचे काम, भानूंकडे आली आणि सासवडचे अंबाजीपंत पुरंदरे हे पेशव्यांचे मुतालिक, म्हणजे त्यांच्या वतीने शिक्का चालवणारे, झाले. हा स्नेह केवळ लाभाचा नव्हता. १७१९ मध्ये दिल्लीत झालेल्या दंगलीत पेशव्यांबरोबर गेलेले बाळाजी महादेव भानू मारले गेले. नाना फडणीस हे त्यांचेच नातू.

साखळी येथे थांबत नाही. सासवडजवळच्या हिवरे गावचे सखाराम भगवंत बोकील, म्हणजे सखारामबापू, पुरंदऱ्यांकडे शागीर्द म्हणून राहिले, आणि शागिर्दीपासून पेशव्यांच्या कारभारीपदापर्यंत पोचले. शागीर्द म्हणजे घरात पडेल ते काम करणारा पोऱ्या. त्याला पगारापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट मिळे, ती म्हणजे मोठ्या माणसांची मसलत कानावर पडण्याची संधी. बापूंचे बलस्थान हेच होते की कोणाच्या मनात काय आहे हे त्यांना बोलण्याआधी कळे. पण ज्या संबंधांनी माणूस चढतो त्याच संबंधांनी तो पडतोही: बारभाईंच्या कारस्थानात, म्हणजे पेशवेपद बळकावू पाहणाऱ्या राघोबादादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांच्या मसलतीत, नानांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले बापू १७७९ मध्ये नानांच्याच हुकुमाने कैद झाले आणि १७८१ मध्ये कैदेतच वारले. रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. साताऱ्यात सावकाराच्या घरी चाकरी करणारा हा माहुलीचा मुलगा काशीस जाऊन विद्या संपादून आला आणि पुण्याच्या दरबारात न्यायाधीश झाला. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगून ते पुणे सोडून गेले. नेमणूक देणाऱ्याचे ओझे मनावर न बाळगणारा असा माणूस त्या शतकात विरळाच.

वशिल्याने आलेल्या माणसांना कामाला जुंपणारी यंत्रणा म्हणजे पुण्याचे हुजूर दफ्तर. त्याचे दोन मुख्य भाग होते. 'एकबेरीज दफ्तरा'त सर्व खात्यांचे हिशेब एकत्र करून त्यांचे गोषवारे तयार होत, आणि 'चालते दफ्तरा'त फड, बेहडा आणि सरंजाम या शाखा होत्या. फड फडणिसांच्या थेट देखरेखीखाली असे व हुकूम आणि सनदा तेथून सुटत. बेहड्यात गावोगावच्या हिशेबांवरून जमाखर्चाचे अंदाज बांधले जात. सरंजामात फौजेसाठी तोडून दिलेल्या मुलखाची नोंद राही. रोजचा व्यवहार 'रोजकीर्दी'त चढे, तेथून 'खतावणी'त, म्हणजे खातेवार नोंदीत, आणि शेवटी 'ताळेबंदा'त. एकाने लिहिलेले दुसऱ्याने तपासावे अशी ही रचना असल्यामुळे अडाणी भाचा किंवा आळशी मेहुणा येथे फार काळ झाकून राहू शकत नसे, आणि ज्याने त्याला आणले त्याचीही मान खाली जाई. उमेदवारीच्या पद्धतीतला सर्वांत मोलाचा भाग हाच होता: शिफारस करणारा शिफारशीनंतर मोकळा होत नसे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत दफ्तराकडे दुर्लक्ष झाले, तेव्हा ही जबाबदारीही सुटली.

पण या दाराची रुंदी किती होती, हे सांगितल्याशिवाय हा इतिहास प्रामाणिक ठरणार नाही. पंतोजींची शाळा, घरातले दफ्तर आणि ओळखीचा कारभारी या तिन्ही गोष्टी ज्यांच्या घरी होत्या ते मुख्यतः ब्राह्मण आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. कुणब्याच्या, माळ्याच्या वा महाराच्या मुलाच्या बुद्धीला त्या दारापर्यंत पोचण्याचा रस्ताच नव्हता, आणि स्त्रियांचा तर विचारही नव्हता. १८१८ नंतर कंपनीचा अंमल बसला तरी मामलेदार कचेऱ्यांतून बिनपगारी उमेदवार तसेच बसून राहिले, आणि नेमणुका तशाच ओळखीपाळखीने होत गेल्या. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले, परीक्षांचे महत्त्व वाढले, पण परीक्षेला बसणारी मुले बहुतेक त्याच घरांतून येत होती. जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात कारकुनी नोकरशाहीवर ओढलेला कोरडा हा केवळ द्वेषाचा उद्गार नव्हता. ज्या शेतकऱ्याला आपल्याच खटल्याचा कागद वाचता येत नव्हता त्याच्या बाजूने केलेले ते अचूक निदान होते.

कोल्हापुरात हे निदान आकड्यांत दिसले. १८९४ मध्ये कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अधिकार हाती घेतला तेव्हा संस्थानच्या सामान्य प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागा ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे होत्या, आणि सुमारे ५०० कारकुनी जागांत ब्राह्मणेतर अवघे १० होते. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, आणि १९१८ मध्ये कुलकर्णी वतन, म्हणजे गावच्या दफ्तराचा वंशपरंपरागत हक्क, बंद करून पगारी तलाठी नेमण्याची व्यवस्था केली. वाडवडिलांच्या ओळखीची जागा राज्याने स्वतः घ्यावी आणि ज्याला कोणी नाही त्याचा वशिला सरकारने व्हावे, हा त्या हुकुमाचा खरा अर्थ होता. मराठी मुलुखात नोकरीच्या इतिहासाला त्याच्याइतके मोठे वळण दुसऱ्या कोणत्याही कागदाने दिलेले नाही.

जुना शब्द मात्र अजून चालू आहे. निवडणुकीला उभा राहणारा तो उमेदवार, आणि कारखान्यात काम शिकणारा तरुण तो शिकाऊ उमेदवार. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने या शिकाऊ उमेदवाराचा शिकण्याचा काळ लेखी करारात बांधला आणि त्या काळात त्याला विद्यावेतन देणे मालकावर बंधनकारक केले.