मृत्युवार्ता आणि कुलेतिहास

ज्या घरांत श्राद्धपक्ष पाळला जातो, तेथील माणसाला पणजोबांचे नाव बहुधा सांगता येते. श्राद्धाच्या संकल्पात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा उच्चार होतो, म्हणून तेवढी नावे कानांवर राहतात. पण हे पणजोबा कोणत्या साली वारले, असे विचारले की घरातली माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. तिथी ठाऊक असते, साल नसते. श्राद्धाला तिथी लागते, साल लागत नाही. तेव्हा आपण तिथी जपली आणि साल हरवले.

ते साल घरच्या जुन्या कागदांत सापडेल, असे कोणी म्हणेल. पण तेथे ते क्वचितच सापडते. मृत्यूची बातमी पोस्टकार्डाने कळवावयाची, त्या कार्डाचा कोपरा फाडावयाचा आणि ज्याच्या हाती ते पडे त्याने वाचून लगेच त्याचे तुकडे करावयाचे, असा रिवाज आपल्याकडे होता. लग्नपत्रिका पेटीच्या तळाशी राहिली. मृत्यूचे कार्ड अशुभ म्हणून घरात राहू दिले नाही. आपल्या कुळाच्या इतिहासाचा एक मोठा पुरावा आपण आपल्याच हातांनी नष्ट करीत आलो. घराने फाडलेली ती वार्ता उरली असेल, तर ती वर्तमानपत्रांच्या जुन्या फाइलींत.

या फाइलींत दोन प्रकारचा मजकूर आढळतो. एक, संपादकाने लिहिलेला मृत्युलेख. १८९५ च्या जून महिन्यात आगरकर वारले, तेव्हा टिळकांनी त्यांच्यावर ‘केसरी’त लिहिले, १९१५ साली गोखल्यांवरही लिहिले. असे लेख थोरांच्या वाट्याला येतात. दुसरा प्रकार म्हणजे कुटुंबाने दिलेली चार ओळींची सूचना. कुलेतिहासाच्या दृष्टीने ही चार ओळींची सूचनाच अधिक मोलाची आहे. मृत्युलेख माणसाचे गुण सांगतो, तर सूचना त्याची माणसे सांगते.

ती वाचावयाची कशी, हे थोडे पाहू. स्त्रीच्या नावामागे ‘सौ.’ असेल तर पती तिच्यामागे जिवंत होता, ‘गं. भा.’ असेल तर तो आधीच गेलेला. एका उपपदाने दोन मृत्यूंचा क्रम कळतो. दहाव्या दिवसाच्या विधीची तारीख दिली असेल तर नऊ दिवस मागे गेले की मृत्यूचा दिवस येतो. पंचविसाव्या पुण्यस्मरणाची सूचना मिळाली, तर पंचवीस वर्षांपूर्वीच्या फाइलीचा दरवाजा उघडला. मूळ गाव दिलेले असेल, तर शोध शहरातून त्या गावच्या दप्तरापर्यंत पोचतो.

येथे वंशावळीशी तुलना केली पाहिजे. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या वंशावळी वतनाच्या आणि वाटणीच्या भांडणांसाठी तयार झाल्या. ज्याला हिस्सा त्याचे नाव, हा त्यांचा नियम. त्यामुळे मुलगी, बहीण, निपुत्रिक मेलेला भाऊ यांना त्यांत जागा नाही. मृत्यूची सूचना मात्र हक्कासाठी नसून कळवण्यासाठी असते. म्हणून ‘मागे दोन मुलगे, तीन विवाहित मुली, जावई, नातवंडे’ असे त्यात येते. वंशावळीच्या झाडाला ज्या फांद्याच नव्हत्या, त्या येथे प्रथम दिसतात.

पण सावधगिरी हवी. स्त्रीचे नाव लग्नात बदलत असे. डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास वारल्या, हे सर्वांना माहीत आहे. पण माहेरच्या नोंदीत ‘आनंदी’ शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही, कारण तेथे ती ‘यमुना’ आहे. सालाचेही तसेच. तो महिना फाल्गुन, शके १८०८. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, असे आपण शाळेत शिकलो. तसे केले तर १८८६ येते आणि शोधणारा वर्षभर चुकीची फाइल चाळीत बसतो. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. वयाचेही असेच: ‘ऐंशीव्या वर्षी’ म्हणजे पूर्ण झालेली वर्षे एकोणऐंशी. घरची तिथी आणि छापील तारीख पंचांगावरून ताडून पाहावी. दोन्ही जुळली, तरच ही आपलीच माणसे असे म्हणावे.

आणि जे सापडत नाहीत त्यांचे काय? १८९६ साली मुंबईत आणि पुढल्या वर्षी पुण्यात प्लेग आला. १९१८ साली इन्फ्लुएन्झा आला. त्या दिवसांत माणसे इतकी गेली की वर्तमानपत्रांत आकडे आले, नावे आली नाहीत. सूचनेला पैसे लागतात, लिहिता येणारे माणूस लागते. शेतमजूर, गिरणी कामगार, गावकुसाबाहेरची कुटुंबे या स्तंभांत कितीतरी उशिरा दिसू लागली. तेव्हा ज्याच्या पूर्वजांची सूचना मिळते त्याने तिला कुलीनतेचा दाखला मानू नये, आणि ज्याला ती मिळत नाही त्याने आपल्याला पूर्वजच नव्हते असे समजू नये. मौन हे कागदाचे आहे, कुळाचे नव्हे.

जुना कागद हाताळताना तुटतो. ग्रंथालयांतल्या फाइलींचे फोटो घेण्याचे काम जितके लवकर होईल तितके बरे. पण त्याहूनही लवकर करावयाचे एक काम घरी आहे. घरातल्या सर्वांत वृद्ध बाईंजवळ जाऊन बसा. त्यांना त्यांचे माहेरचे नाव विचारा, त्यांच्या आईचे विचारा, आणि ते वहीत साल घालून लिहा. त्यांना ते कोणी विचारलेले नसण्याचाच संभव अधिक आहे.