काऊल गळ्याचा ड्रेस आणि रेशमाचा प्रश्न

मैत्रिणींनो, आमच्या धाकटीला भावाच्या रिसेप्शनसाठी लांब ड्रेस हवाय, आणि नमुना म्हणून तिने १९३० च्या दशकातला अमेरिकन पॅटर्न निवडलाय. गळा काऊलचा, म्हणजे छातीवर झोळीसारख्या मऊ घड्या पडतात तो. कापड कुठलं घ्यायचं यावर घरात बरीच चर्चा झाली, म्हणून मी या गळ्याचा इतिहासच वाचून काढला.

हा गळा चुण्या घालून होत नाही. कापड ताण्या-बाण्याला ४५ अंशांत, आपले शिंपी म्हणतात तसं उरेब कापलं, की ते ताणतं, अंगासरशी बसतं आणि सैल सोडलेल्या जागी आपोआप गोल घड्या घेतं. ब्लाऊजच्या गळ्याला आपण उरेब पट्टी लावतो ती याच गुणासाठी. पण पट्टी वेगळी आणि अख्खा ड्रेस उरेब कापणं वेगळं! त्यासाठी नाव घेतलं जातं ते पॅरिसच्या मादलेन व्हिओने यांचं. जन्म १८७६ चा. लहानपणीच शिवणकामाला लागल्या आणि १९१२ मध्ये स्वतःचं दुकान काढलं. लहानशा लाकडी बाहुलीवर कापड लपेटून, टाचण्या लावून त्या ड्रेस तयार करत. उरेब कापायला पन्हा मोठा लागतो, म्हणून क्रेप मुद्दाम रुंद विणून घेत. नकला फार व्हायच्या, तर लेबलवर सहीबरोबर अंगठ्याचा ठसा! मला मात्र सगळ्यात आवडलं ते हे, की कायदा येण्याआधीच त्यांच्याकडे शिवणाऱ्या बायकांना पगारी रजा आणि दवाखाना होता.

त्यांचे कपडे श्रीमंतांचे. बाकीच्या बायकांपर्यंत ही फॅशन पोचली ती कागदी पॅटर्नमधून. मापवार कागदी पॅटर्न १८६३ मध्ये अमेरिकेतल्या बटरिक नावाच्या शिंप्याने विकायला काढले. जुन्या पॅटर्नवर छपाई नसायची, नुसती भोकं आणि खाचा. मापही आजचं नव्हे: त्या काळचा १६ नंबर म्हणजे छाती ३४ इंच.

आता कापड. मूळ ड्रेस रेशमी क्रेपचे, आणि रेशमासाठी कोष किड्यासकट उकळतात हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. किडा बाहेर पडल्यावर काढलेलं अहिंसा सिल्क मिळतं, पण तुटक धागा कातून केल्यामुळे ते जरा जाडसर असतं, या गळ्याला तितकं लवत नाही. १९३० च्या दशकात सामान्य घरातल्या बायकांनी हा गळा शिवला तो बहुधा रेयॉनमध्ये. ते लाकडाच्या लगद्यापासून होतं, त्यात किडा नाही. वाचून मी खूश झाले, पण पुढे वाचलं की व्हिस्कोस रेयॉन करताना कार्बन डायसल्फाइड वापरतात, आणि त्याच्या वाफांनी कारखान्यातल्या कामगारांच्या नसा आणि डोकं बिघडत असे. किडा वाचला आणि माणूस आजारी पडला, याला अहिंसा कशी म्हणायची? सासूबाई म्हणाल्या, ‘मग सुतीच घे.’ पण सुती व्हॉइलच्या घड्या फुगतात, खाली पडत नाहीत.

शेवटी लायोसेल ठरलं. तेही लाकडाच्या लगद्याचंच, पण हे रसायन त्यात नाही, आणि जे द्रावक वापरतात ते जवळजवळ सगळं परत वापरात येतं. लवतंही छान.

शिवणार असाल तर पुढचा भाग दुमडून कापू नका, पूर्ण उघडा कागद करून एकेरी कापडावर ठेवा. गळ्याची आतली पट्टी वेगळी जोडायची नाही, ती त्याच तुकड्याची वर वाढवलेली असते. घड्या वर उडत असतील तर आतून छोटं वजन टाका. डाव्या कुशीला पॅटर्नमध्ये टिचबटणं आहेत, मी चेन लावणार आहे. आणि खालची दुमड लगेच घालू नका. उरेब कापड स्वतःच्या वजनाने उतरतं, कुठे जास्त, कुठे कमी. आमचा ड्रेस कालपासून हँगरला लटकतोय, उद्या घेर सारखा करून दुमड घालेन.