लेझीमचा व्हिडिओ कुठे टाकायचा?

५ सप्टेंबर २०१६ रोजी गणेश चतुर्थी होती आणि त्याच दिवशी जिओची सेवा देशभर सुरू झाली. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ एप्रिलमध्ये येऊन गेला होता, त्यामुळे त्या वर्षी मिरवणुकीत ‘झिंगाट’ वाजणार हे ठरलेलेच होते. सोलापूरच्या मंडळांचे लेझीमचे डाव, हातात कॅमेऱ्याचा मोबाइल आणि फुकटचा डेटा असा योग पहिल्यांदाच जुळून आला. हौशी माणसाने काढलेला व्हिडिओ कुठे टाकायचा, हा प्रश्न खऱ्या अर्थाने घरोघरी पोचला तो इथून. त्याचा इतिहास जेमतेम दोन दशकांचा आहे आणि तो साधारणपणे आवडीनिवडीचा इतिहास म्हणून सांगितला जातो: आधी यूट्यूब आवडले, मग व्हॉट्सॲप, मग टिकटॉक. मला हे पटत नाही. प्रत्येक टप्प्यावर जागा ठरवली ती नेटच्या वेगाने, पैशाने आणि गाण्यांच्या हक्कांनी. या सगळ्यात एक गोष्ट कायम मागे पडत गेली, ती म्हणजे व्हिडिओसोबत त्याची तारीख, गाव आणि काढणाऱ्याचे नाव टिकते की नाही. सोलापूर जिल्ह्याने त्याची किंमत मोजली आहे.

यूट्यूबवर पहिला व्हिडिओ एप्रिल २००५ मध्ये चढला, पुढच्या वर्षी गुगलने ती कंपनी विकत घेतली आणि मे २००८ मध्ये यूट्यूबची भारतीय आवृत्ती आली. सुरुवातीच्या काळात तिथे फाइल १०० एमबीपर्यंतच चालायची आणि २००६ पासून दहा मिनिटांची मर्यादाही होती. आता आपल्याकडची बाजू पाहा. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग धरला होता २५६ केबीपीएस, तोही उतरवून घेण्याचा. चढवण्याचा वेग तेवढाच मिळाला असे धरले तरी १०० एमबीच्या फाइलला सुमारे बावन्न मिनिटे लागतात, आणि मध्येच लाइट गेली की पहिल्यापासून सुरुवात. नेट कॅफेत तासावर पैसे भरणाऱ्याला हे परवडणारे नव्हते. म्हणून लग्नाची शूटिंग कॅसेटवरून सीडीवर आली आणि तिथेच थांबली. मोबाइलवर काढलेले ब्लूटूथने या हातातून त्या हातात गेले, किंवा मेमरी कार्ड भरून देणाऱ्या दुकानातून पसरले. लोकांना यूट्यूब माहीत नव्हते म्हणून असे झाले नाही. त्यांच्याकडचा रस्ताच तेवढा अरुंद होता.

जिओनंतर हा रस्ता रुंद झाला, तरी मिरवणुकीचे व्हिडिओ यूट्यूबऐवजी व्हॉट्सॲपकडे वळले. याचे एक कारण क्वचितच बोलले जाते. मिरवणुकीत ‘झिंगाट’सारखी जी सिनेगीते वाजतात त्यांचे हक्क संगीत कंपनीकडे असतात. यूट्यूबने २००७ मध्ये आणलेली यंत्रणा चढवलेल्या व्हिडिओतले गाणे ओळखते आणि मालकाच्या मर्जीप्रमाणे आवाज बंद करते, व्हिडिओ अडवते किंवा जाहिरातीचे उत्पन्न मालकाकडे वळवते. आवाज गेलेला मिरवणुकीचा व्हिडिओ कोण पाहणार? व्हॉट्सॲपवर ही अडचण नव्हती. त्यात २०१८ च्या फेब्रुवारीत यूट्यूबने कमाईसाठी एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचे पाहणे अशी अट घातली, तेव्हा छोट्या गावातल्या माणसाला तिथली पायरी आणखी उंच झाली. त्याच वर्षी म्युझिकली टिकटॉकमध्ये विलीन झाले. गाणे ॲपमध्येच तयार, शीर्षक लिहायची गरज नाही, अनोळखी प्रेक्षक पहिल्या दिवसापासून समोर. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत बोलणाऱ्या सोलापुरात न लिहिता चालणारी जागा लोकप्रिय होणारच होती. टिकटॉकला उथळ म्हणून हिणवणाऱ्यांनी हे कधी ध्यानात घेतले नाही.

पण व्हॉट्सॲपवर गेलेल्या व्हिडिओचे काय होते ते एका फाइलच्या नावात दिसते. अँड्रॉइड फोनवर तिचे नाव ‘व्हीआयडी’ने सुरू होते, मग तारीख, मग ‘डब्ल्यूए’ आणि चार आकडे. ती तारीख चित्रीकरणाची नसते, त्या फोनवर व्हिडिओ आला त्या दिवसाची असते. प्रत्येक नव्या हाती जुना व्हिडिओ नव्या तारखेचा होतो. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचाच विचार करा. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा दरवर्षी तसाच. तारीख गेली की एका वर्षाची यात्रा दुसऱ्या वर्षापासून ओळखता येत नाही. इथे नुकसान स्मृतीचे आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला ते जिवावर बेतले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. आठवडी बाजारात भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्यातले बहुतेक आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. त्या दिवसांत देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. शेवटचा खुलासा कापून तो ‘आपल्याकडचा’ म्हणून पुढे ढकलला गेला होता. मूळ जागी ती फिल्म मुलांच्या सुरक्षेसाठी होती.

यावर कोणी म्हणेल की खून जमावाने केले, ॲपने नाही. अगदी खरे, आणि २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली ती माणसांनाच. तरीही २०१८ च्या त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. जागेच्या रचनेचा संबंध नसता तर रचना बदलायचे कारण नव्हते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: यूट्यूबवर खोटे व्हिडिओ कमी आहेत का? नाहीत. फरक इतकाच की तिथे टाकणाऱ्याचे खाते दिसते, टाकल्याची तारीख दिसते, खाली कोणीतरी ‘हे आपल्या गावचे नाही’ असे लिहू शकतो आणि तक्रार केल्यावर एक जागा पुसली की लिंक सगळीकडे मरते. फॉरवर्डला असे मूळच नसते.

आता उघड्या जागाही कायमच्या नसतात, हे सोलापूरकरांनी २०२० मध्ये पाहिले. २९ जूनच्या रात्री केंद्र सरकारने टिकटॉकसह एकोणसाठ ॲपवर बंदी घातली. १ जुलैला आषाढी एकादशी होती. त्या वर्षी पालख्या एसटीने पंढरपूरला आल्या, वारी घरात बसून पाहावी लागली, आणि नेमक्या त्याच दिवसांत टिकटॉक भारतातून गायब झाले. बंदीमागची कारणे देशाच्या सुरक्षेची होती आणि त्यांच्याशी इथे वाद नाही. वाद आहे तो एकाच ठिकाणी सगळे ठेवण्याशी. गुगल व्हिडिओही बंद पडले, पण तिथे चढवणे २००९ मध्ये थांबले आणि शेवटचा पडदा २०१२ मध्ये पडला. हलवायला लोकांना तीन वर्षे मिळाली. टिकटॉकवाल्यांना एक रात्र.

घरगुती व्हिडिओ चारचौघांत मांडायला सांगणे चूक आहे, विशेषतः मुलींच्या बाबतीत, हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. त्यासाठी यूट्यूबवर २०१० पासून लिंक असलेल्यालाच दिसेल अशी सोय आहे, म्हणजे तारीख टिकते आणि गर्दीही टळते. यात्रा, लेझीम, हातमागावरचे विणकाम या मात्र गावाच्या गोष्टी आहेत. त्या इंटरनेट आर्काइव्हसारख्या मोफत ठिकाणी ठेवता येतात. विकिमीडिया कॉमन्सवरही ठेवता येतात, मात्र तिथे व्हिडिओ मुक्त परवान्याने द्यावा लागतो आणि पार्श्वसंगीत कोणाच्या मालकीचे नसावे. लेझीम आणि ढोल ताशाला संगीताच्या हक्कांची अडचण नाही. शीर्षकात मंडळ, चौक, वर्ष आणि प्रसंग देवनागरीत लिहावा, रोमनमध्येही लिहावा, म्हणजे शेजारच्या कन्नड किंवा तेलुगू घरातल्या मुलालाही तो शोधता येईल. मूळ फाइल फोनमधून काढून हार्ड डिस्कवर ठेवावी. व्हॉट्सॲपवर पाठवायची ती त्यानंतर, आणि फाइलऐवजी लिंक.