जय कुठे गेला? : पवनीच्या जंगलातला शेवटचा सिग्नल

आजचा भाग भंडाऱ्याचा, म्हणजे माझ्या घरचाच. आमच्याकडे २०१६ च्या उन्हाळ्यात चहाच्या टपरीवर एकच प्रश्न असायचा : जय कुठे गेला?

जय नागझिऱ्यात जन्मला. 'शोले'वरून नावं पडलेल्या दोन भावांपैकी हा एक. २०१३ मध्ये तो महामार्ग आणि वैनगंगा ओलांडून उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात आला. अभयारण्य जेमतेम १८९ चौरस किलोमीटरचं. जयचा वावर त्याच्या पार बाहेर, धानाच्या बांध्यांपर्यंत. एवढ्या मोठ्या भागात फिरणारा वाघ पाहून डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या लोकांनी सप्टेंबर २०१५ मध्ये त्याच्या गळ्यात कॉलर घातली. ती बिघडली. मार्च २०१६ मध्ये दुसरी घातली. तिचा शेवटचा सिग्नल १८ एप्रिलचा. म्हणजे जेमतेम महिनाभर.

मी दिवसभर सर्व्हरचे लॉग बघतो, म्हणून हे जरा सांगतो. कॉलर ठरावीक वेळाने जीपीएसवरून जागा टिपते आणि उपग्रहामार्फत पाठवते. वाघ बराच वेळ हललाच नाही, तर काही कॉलरी तसा इशाराही देतात. पण कॉलरच फोडली, तर इशारा देणार कोण? सिग्नल थांबला, याचा अर्थ यंत्र बिघडलं असेल किंवा कॉलर कोणी तोडली असेल. नकाशावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून मग वनविभागाची माणसं, गावकरी, कॅमेरा ट्रॅप, सगळे पायी कामाला लागले. पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो, पण आधी तो कॅमेऱ्यासमोर यायला हवा ना! जय काही आला नाही. सीबीआय चौकशीची मागणीही झाली.

पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१७ मध्ये, जयचा मुलगा श्रीनिवास याची कापलेली कॉलर चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे सापडली. शेताभोवती सोडलेल्या करंटने तो मेला होता आणि पुरून टाकला होता. रानडुकरांपासून पीक वाचवायला आमच्याकडे तारेत करंट सोडतात, हे काही गुपित नाही. धान गेलं की वर्ष गेलं, हेही खरं.

बापाची कॉलर मात्र आजतागायत मिळालेली नाही.