वाळूच्या तबकातील साक्ष

साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घालावयाचे नाहीत, हा आमच्या वकिली व्यवसायातील पहिला धडा होय. घरी आल्यावर मात्र आम्ही तो विसरतो. मूल वस्तू फेकू लागले, रात्री दचकून रडू लागले, की ‘मुद्दाम करतोस ना?’ एवढ्या एका प्रश्नात आरोप, पुरावा आणि निकाल उरकून मोकळे होतो.

अशा मुलाची बाजू ऐकण्याची रीत ज्यांनी शोधली, त्यांत मार्गारेट लोवेनफेल्ड या डॉक्टरबाईंचे स्थान मोठे आहे. त्यांचा जन्म १८९० साली लंडनला झाला. पहिल्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये युद्धग्रस्तांची सेवा करताना, शब्दांत न मावणारे दुःख त्यांनी जवळून पाहिले. १९२८ साली त्यांनी लंडनमध्ये भेदरलेल्या व अनावर झालेल्या मुलांसाठी चिकित्सालय उघडले. एच. जी. वेल्स यांचे घरातील जमिनीवर मांडावयाच्या खेळांविषयीचे १९११ सालचे पुस्तक त्यांच्या स्मरणात होते. त्यांनी लहानसहान खेळण्यांचा संग्रह केला आणि जवळच वाळूची व पाण्याची जस्ताची तबके ठेविली. खेळणी वाळूत मांडण्याची कल्पना मात्र बाईंची नव्हे. ती मुलांनीच काढली. त्या मांडणीस ‘जग’ हे नाव पडले.

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचणाऱ्या आमच्या मुलांना हे जग परके वाटणार नाही. तथापि किल्ल्याचे आपण कौतुक करतो आणि पुढे जातो. लोवेनफेल्डबाई तेथे थांबत. मेलानी क्लाइन खेळाचा गूढार्थ मुलास उलगडून सांगत. ॲना फ्रॉइड यांना ती घाई मान्य नव्हती. लोवेनफेल्डबाईंनी आपला अर्थ न लादता मुलाची मांडणी व त्याचे बोल टिपून ठेवण्यावर भर दिला. मनात कोंडलेले भय वाळूत उतरले म्हणजे त्याकडे पाहता येते, ते मोडता येते, पुन्हा निराळे मांडता येते. आणि समोरचे मोठे माणूस त्याने रागावत नाही की घाबरत नाही. उपचाराचे मर्म यातच आहे.

१९५६ साली स्वित्झर्लंडच्या डोरा काल्फ ही पद्धत शिकण्यास लंडनला आल्या आणि तिची एक नवी शाखा त्यांनी वाढविली. क्रीडोपचारावरील ९३ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००५ साली प्रसिद्ध झाला. उपचारात आईबापांना सहभागी करून घेतले असता गुण अधिक येतो, असे त्यात दिसले.

याचा अर्थ खेळणी आणून दिली की काम झाले, असा नव्हे. मुलाचा त्रास टिकून राहिल्यास जाणत्या चिकित्सकाकडे जाण्यात कमीपणा मानू नये. परंतु त्याआधी अर्धा घटका मुलाच्या खेळाशेजारी मुकाट्याने बसणे आपणांस अशक्य नाही. निकाल देण्यापूर्वी साक्ष ऐकणे, एवढा न्याय घरातील सर्वांत लहान माणसास मिळालाच पाहिजे.